निपाणीच्या ट्रंकेतली तिकिटं: अल्बम राहू द्या, आधी पुडकं सोडा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. निपाणीचं जुनं घर विकायला काढलं आणि माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांचा तिकिटांचा संग्रह सापडला. तीन अल्बम, बिस्किटाच्या डब्यात सुटी तिकिटं, आणि तंबाखूच्या व्यापारातली पत्रं, रिकामी पाकिटं, कोर्टाचे कागद यांचं सुतळीनं बांधलेलं एक पुडकं. वाटेकरी तिघं: तुम्ही, काका आणि आत्ती. एक खरेदीदार येऊन सरसकट रक्कम सांगून गेला. 'कागद तुम्हाला नको असतील तर मीच उचलून नेतो' असंही म्हणाला. तुम्ही विचारता, रक्कम घ्यावी का? आणि पाकिटांवरची तिकिटं पाण्यात भिजवून काढायला घेतली आहेत, ते बरोबर आहे ना?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्यात रोज नुकसान होतंय. भिजवणं थांबवा. आत्ताच. जी निघाली आहेत ती टिपकागदावर पालथी वाळवा, आणि कुठलं तिकीट कुठल्या पाकिटावरचं होतं हे अजून आठवत असेल तर चिठ्ठी लावून दोन्ही एकत्र ठेवा. पुन्हा चिकटवायला मात्र जाऊ नका.

आता मुद्द्याचं. तुम्ही विचारता किंमत किती, पण खरी अडचण वेगळी आहे. आपण नेमकं काय विकतोय हे अजून तुम्हालाच ठाऊक नाही, आणि समोरच्याला बहुधा ठाऊक आहे. तुम्ही पाठवलेल्या तीन फोटोंवरून मीही आकडा सांगणार नाही. आजोबांनी कुठल्या काळात गोळा केलं, विकत घेतलं की आलेल्या टपालातून काढलं, आणि पावसाळ्यांतून ते कसं टिकलं, यावर सगळं अवलंबून आहे. पण कुठे बघायचं हे सांगू शकतो. आपल्या भागातले वारशाचे संग्रह मी बरीच वर्षं बघत आलोय, आणि बहुतेक घरांत एकच चित्र दिसतं: अल्बममध्ये साधी तिकिटं आणि मोलाचा ऐवज शेजारच्या पुडक्यात. 'कागद मी फुकट नेतो' हे वाक्य ऐकलं की मी तरी कान टवकारतो.

सुटं तिकीट तुम्हाला राजाचं डोकं आणि दर एवढंच सांगतं. तेच तिकीट पाकिटावर असेल तर पत्र कुठून निघालं, कधी, कुठल्या वाटेनं गेलं, किती वजनाला किती दर पडला, सगळं सांगतं. टपालाचे शिक्के जमवणारी माणसं कोल्हापूर, सांगली, पुण्यात आहेत, बेळगावातही आहेत. त्यांना पंचम जॉर्जचं अर्ध्या आण्याचं तिकीट नको असतं, ते पसाभर मिळतं. त्यांना हवा असतो सदलग्याचा, नंदगडचा, संकेश्वरचा स्वच्छ वाचता येणारा शिक्का, किंवा लोंढ्याकडच्या गाडीत पडलेला रेल्वे टपाल सेवेचा, म्हणजे आर.एम.एस.चा शिक्का. आपला बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला म्हैसूर राज्यात गेला. त्या आधीचं आणि नंतरचं टपाल ज्यांना शेजारी शेजारी मांडायचं आहे, त्यांच्यासाठी तुमच्या आजोबांच्या व्यापाराची पाकिटं हा सलग ऐवज आहे. एकाच पेढीवर वर्षानुवर्षं आलेली पत्रं तुटक न करता ठेवली तर त्यांना जास्त मान मिळतो.

पोस्टकार्डांचंही तसंच. आपल्याकडे पोस्टकार्ड १८७९ साली आलं, पाव आण्याचं. त्यावरचं तिकीट कार्डावरच छापलेलं असतं. पुष्कळ मुलांनी ते कात्रीनं चौकोनी कापून अल्बममध्ये चिकटवलं, आणि तिथेच त्याची किंमत संपली. तुमच्या पुडक्यात कार्डं अखंड असतील तर कात्री लांब ठेवा. तंबाखूचे भाव, गाडी भरल्याचा निरोप, हुंडी वटल्याची खबर असा मजकूर असेल तर टपालापलीकडचा, व्यापाराच्या इतिहासाचा अभ्यास करणारा गिऱ्हाईकही मिळतो.

पुडक्यातला दुसरा गठ्ठा बघा: ज्यावर तिकीटच नाही अशी पाकिटं. ही लोक सर्वांत आधी टाकून देतात. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, त्यामुळे इथल्या कितीतरी घरांतला कुणीतरी पलटणीत होता. महायुद्धाच्या काळात मोर्चावरच्या शिपायाचं पत्र बऱ्याचदा बिनतिकिटाचं जायचं. वर 'ऑन ॲक्टिव्ह सर्व्हिस' लिहिलेलं, फील्ड पोस्ट ऑफिसचा नुसत्या आकड्याचा शिक्का, गावाचं नाव नाही, आणि सेन्सॉरची खूण. पहिल्या महायुद्धातल्या तिकिटांवर आय.ई.एफ. (इंडियन एक्स्पिडिशनरी फोर्स, म्हणजे परदेशी लढायला गेलेली हिंदी फौज) अशी तीन अक्षरं वरून छापलेली असतात. ती सुटी साधी, पण मेसोपोटेमियातून गावी आलेल्या पाकिटावर असतील तर गोष्ट वेगळी. पाकिटात पत्र असेल तर ते पाकिटातच राहू दे.

तिसरा गठ्ठा कोर्टाच्या कागदांचा. इथे एक गैरसमज दूर करतो. 'आमच्याकडे कोल्हापूर संस्थानचं पोस्टाचं तिकीट आहे' असं सांगणारे मला नेहमी भेटतात. कोल्हापूर, सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग यांनी स्वतःची टपाल तिकिटं काढली नव्हती, टपाल ब्रिटिशांचंच होतं. आपल्या बाजूच्या मराठी संस्थानांत भोरनं तेवढी १८७९ मध्ये टपालाची तिकिटं काढली. बाकीच्यांची दिसतात ती कोर्ट फी आणि महसुलाची तिकिटं, आणि मुद्रांकाचे कागद. पण म्हणून ती कमअस्सल नाहीत. त्यांचा वेगळा संग्राहकवर्ग आहे, वेगळे कॅटलॉग आहेत, आणि छोट्या संस्थानांच्या काही तिकिटांना साध्या व्हिक्टोरियापेक्षा चांगली मागणी आहे. अट तीच, कागदावरून सोडवू नका.

आणि इथे किमतीपेक्षा महत्त्वाची सूचना. तुम्ही घर विकताय. त्या पुडक्यात मोडीतले कागद असतील तर विकण्याआधी मोडी वाचणाऱ्याकडून ते वाचून घ्या आणि मग वकिलाला दाखवा. जुनं खरेदीखत, वाटणीपत्र, गहाणखत यांवर सुंदर संस्थानी तिकीट असतं म्हणून ते संग्रहात जातं, आणि हद्दीचा वाद निघाला की अख्खं घर शोधत बसतं.

गोव्याकडची सोयरीक किंवा व्यापार असेल तर पोर्तुगीज तिकिटंही निघतील. रेइस, तांगा, रुपिया असे दर असतात. शेवटच्या दोन-तीन वर्षांत, म्हणजे १९६१ च्या थोडं आधी, सेंताव्हो आणि एस्कुदो. यातली बहुतेक स्वस्त आहेत. १८७१ पासूनची सुरुवातीची, ओबडधोबड छपाईची तिकिटं महाग असतात, पण त्यांच्या नकलाही जुन्याच काळापासून फिरतायत. तशी दिसली तर खूश होण्याआधी जाणकाराला दाखवा.

आता अल्बम. पहिल्या फेरीत कॅटलॉग उघडूच नका, नाहीतर पहिल्याच पानावर आठवडा जाईल. तिकिटं जागची हलवायची नाहीत, फक्त पानांना चिठ्ठ्या लावायच्या: १९४७ च्या आधीचा भारत, १९४७ ते १९५७, त्यानंतरचा भारत, आणि परदेश. हात धुऊन कोरडे करा, चपट्या टोकाचा चिमटा घ्या, भिंग घ्या. पंखा बंद ठेवा, हे गमतीनं सांगत नाही.

परदेशाचं लवकर आटोपेल. ज्यांचं बालपण सत्तरच्या दशकात गेलं त्यांना अजमान, फुजैरा, शारजा यांची मोठी रंगीत तिकिटं, हंगेरी-पोलंडचे घोडे आणि फुलपाखरं आठवत असतील. ही पाकिटातून विकण्यासाठीच छापली जायची. कोपऱ्यात नीट शिक्का आणि मागे डिंक जसाच्या तसा, म्हणजे पत्राला कधी लागलीच नाहीत. किंमत नावाला. भूतानची ग्रामोफोनच्या तबकडीसारखी वाजणारी, १९७३ ची तिकिटं सापडली तर तेवढी बाजूला काढा. ब्रिटनचं १८४० चं काळं पेनी तिकीट निघालं तर आनंद आहेच, पण ते कोट्यवधींनी छापलं गेलं होतं. चारही कडा शाबूत आहेत का यावर सगळा भाव.

१९५७ नंतरच्या भारताबद्दल लोक नाराज होतात, म्हणून सरळ सांगतो. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, नकाशाची तिकिटं आली, आणि पुढे निघालेली स्मारक तिकिटं लाखांच्या संख्येनं छापली गेली. आजोबांनी पोस्टाच्या खिडकीवर रांग लावून प्रत्येक तिकीट घेतलं असेल, तरी शेजारच्या गल्लीतल्या आजोबांनीही तेच केलं होतं. हा भाग विकण्यापेक्षा घरातल्या एखाद्या आवड असलेल्या पोराला द्या. अपवाद म्हणजे छपाईतली ठळक चूक: एखादा रंगच गायब, कडेची भोकंच पडलेली नाहीत, असं काही. १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये निर्वासितांसाठी टपालावर पाच पैशांचा अधिभार लागला, तेव्हा ठिकठिकाणी कुटुंबनियोजनाच्या तिकिटावर रबरी शिक्क्यानं 'रेफ्युजी रिलीफ' उमटवलं होतं. ही सुटी असतील तर विश्वास ठेवू नका, रबरी शिक्का कुणालाही बनवता येतो. त्याच काळातल्या तारखेच्या खऱ्या पाकिटावर असतील तर जपून ठेवा.

१९४७ ते ४९ या पट्ट्यात मात्र सावकाश चाला. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ चं, साडेतीन आण्यांचं, झेंडा आणि 'जय हिंद'. ते साधंच आहे. पण १५ ऑगस्ट १९४७ पासून काही काळ वापरलेला 'जय हिंद'चा शिक्का आपल्या भागातल्या टपाल कचेरीच्या नावासह पाकिटावर असेल, तर ते पाकीट वेगळं काढा. १५ ऑगस्ट १९४८ ला गांधीजींची चार तिकिटं आली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. सगळ्यांच्या नजरा दहा रुपयांवर असतात, आणि म्हणूनच नकली तिकिटंही त्याचीच सर्वांत जास्त. खरी छपाई स्वित्झर्लंडची, फोटोग्राव्ह्युअर पद्धतीची. भिंगाखाली चेहऱ्याच्या छटा एकमेकींत मिसळत जातात. प्रिंटरवर काढलेल्या नकलेत रंगीबेरंगी ठिपके मोकळे दिसतात. कडेची भोकं दोन सेंटिमीटरला साडेअकरा भरायला हवीत, त्यासाठी मोजपट्टी मिळते. वर 'सर्व्हिस' (म्हणजे सरकारी टपालासाठीचं) असा शब्द छापलेलं गांधी तिकीट सापडलं तर ते जवळजवळ नक्की बनावट समजा. अस्सल इतकी थोडी आहेत की ट्रंकेत निघत नाहीत.

१९४९ च्या पुरातत्त्व मालिकेत सहा आण्यांवर आपल्या शेजारच्या विजापूरचा गोल घुमट आहे, बघून बरं वाटतं, भाव नाही. त्याच मालिकेतल्या एक आण्याच्या बोधिसत्त्वाचं चित्र आरशातल्यासारखं उलटं, डावं-उजवं बदलून छापलं गेलं आणि १९५० मध्ये सुधारलं. चूक आहे म्हणून दुर्मीळ असेल अशी आशा धरू नका, ते तिकीट रोजच्या वापरात होतं. मालिकेतलं पंधरा रुपयांचं पालिताण्याचं न वापरलेलं तिकीट असेल तर मात्र नोंद घ्या.

१९४७ आधीच्या पानांत दोन गोष्टी शोधा. एक, भोकं नसलेली १८५४ ची तिकिटं: अर्ध्या आण्याचं निळं, एक आण्याचं तांबडं, दोन आण्यांचं हिरवं, चार आण्यांचं दोन रंगांचं. ती कात्रीनं कापूनच वापरायची, त्यामुळे चारही बाजूंना समास असलेलं तिकीट आणि डिझाइनमध्ये कात्री शिरलेलं तिकीट यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक. दोन, पंचम आणि सहाव्या जॉर्जची दहा, पंधरा, पंचवीस रुपयांची तिकिटं. इथे शिक्का बघा. तार ऑफिसचा शिक्का असेल तर किंमत उतरते, कारण मोठ्या रकमेच्या तारांवर ही तिकिटं भरपूर वापरली गेली. टपालाचा शिक्का हवा. बाकी अर्ध्या आण्याची, एक आण्याची व्हिक्टोरिया राणी पोत्यांनी आहे. वॉटरमार्क, म्हणजे कागदातच उमटवलेली पुसट खूण, बघायची हौस असेल तर तिकीट काळ्या पाटीवर पालथं ठेवून थोडं बेंझिन टाका: जुन्यात हत्तीचं डोकं, नंतर चांदणी, स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी अशोकस्तंभ. दिवा-शेगडीपासून लांब बसून, आणि वापरलेल्या तिकिटांवरच.

स्थितीबद्दल. खानापूरच्या पावसात ठेवलेला अल्बम आणि अथणीच्या कोरड्या हवेतला अल्बम एकाच वयाचे असले तरी वेगळे दिसतात. पिवळे डाग, कसर लागलेली कड, तुटलेला दाता, मागे चिकटपट्टीचा तपकिरी ओघळ, यातलं काहीही असलं तर कॅटलॉगचा आकडा विसरा. न वापरलेली तिकिटं डिंकानं पानाला चिकटून बसली असतील तर ओढू नका, पानासकट राहू द्या. नवीन प्लास्टिकच्या स्वस्त पिशव्यांत घालू नका. आणि कृपा करून लॅमिनेशन नको. तसं केलेलं तिकीट मी कुणाला विकून देऊ शकलेलो नाही.

आता भाव. स्टॅन्ली गिबन्स या ब्रिटिश तिकीट-व्यापाऱ्याच्या कॅटलॉगमधला आकडा म्हणजे चांगल्या प्रतीचं तिकीट दुकानदार तुम्हाला ज्या किमतीला विकेल तो. तुम्ही विकायला गेलात की तो मिळत नाही. सराफाकडे घडणावळीसकट घेतलेला दागिना मोडायला नेल्यावर जे होतं, तेच. माझ्या अनुभवात, खरोखर मागणीच्या वस्तूला व्यापारी त्याच्या विक्रीकिमतीच्या निम्म्याच्या आसपास देऊ शकतो. साध्या तिकिटांच्या ढिगाला अगदी थोडं देतो, आणि त्यात त्याची लबाडीच असते असं नाही, कारण तो ढीग निवडून विकायला त्याची वर्षं जातात. इंटरनेटवर कुणी एखाद्या तिकिटाला लाखो रुपये मागतोय हे भाव ठरवताना धरायचं नाही. मागितलेला आकडा कुणीही लिहू शकतो. लिलावात प्रत्यक्ष विकलं गेलेलं बघा.

म्हणून सगळ्याची किंमत काढत बसू नका. तिन्ही गठ्ठे आणि अल्बम मिळून सर्वांत चांगल्या वीस-तीस वस्तू निवडा. संग्रहाची बहुतेक किंमत त्यांतच असते. त्यांचे पुढून-मागून फोटो काढा, क्रमांक घाला, वहीत नोंद करा. मग त्या खरेदीदाराला सरळ विचारा, 'सरसकट रक्कम धरताना यातल्या कुठल्या वस्तूंना किती धरलेत?' उत्तर देणारा माणूस असेल तर बोलणी पुढे न्या. उत्तर टाळत असेल तर चहा पाजून निरोप द्या. दुसरा भाव कोल्हापूर, पुणे, मुंबई किंवा बेंगळुरूहून घ्या, आणि पहिल्याचा आकडा दुसऱ्याला सांगू नका. 'घरी नेऊन बघतो' याला नकार द्या, तुमच्यासमोर बसून बघू दे. लिलावाला दिलंत तर कमिशन जातं आणि महिने लागतात, पण मोजक्या भारी वस्तूंसाठी तोच रस्ता बरा. तज्ज्ञांचं प्रमाणपत्र दहा रुपयांच्या गांधींसारख्या वस्तूलाच घ्या. साध्या तिकिटाला प्रमाणपत्राचा खर्च तिकिटापेक्षा जास्त होतो.

तुम्ही, काका आणि आत्ती यांच्यात तिकिटं मोजून तीन ढीग करू नका. मालिका तुटतात, पत्रव्यवहार तुटतो, आणि तिघांचंही नुकसान होतं. निवडलेल्या वस्तू विकून पैसे वाटा, किंवा कुणाला ठेवायच्या असतील तर मिळालेल्या भावानं त्याच्या वाट्यात धरा. त्याआधी आजोबांच्या हस्ताक्षरातली पत्रं आत्तींसमोर ठेवा आणि त्यांना हवी ती काढून घेऊ द्या. खासगी मजकुराची पत्रं बाजारात जायला नकोत, ती नुसती स्कॅन करून घरात ठेवा.

पुडक्याचे फोटो पाठवलेत तर मी बघून सांगेन. पाकिटांच्या दोन्ही बाजू घ्या, कारण पोहोचल्याचा शिक्का मागे असतो. सूर्यप्रकाशात नको, खिडकीजवळच्या सावलीत घ्या, आणि शेजारी फूटपट्टी ठेवा. पत्ते आणि जमिनीचे गट क्रमांक झाकायला विसरू नका.